गाईचं पान

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. दूधवाल्यानं घंटी दोनदा वाजवली तरी मला वाटतं, हा आज काहीतरी लपवतोय. त्यामुळे देवासच्या आमच्या गल्लीत पंक्चरवाला राहायला आला, तेव्हाच मी ठरवून टाकलं की हा माणूस सरळ नाही. कारण काय, तर तो कमी बोलायचा.

सर्वपित्री अमावस्येला तर खात्रीच झाली. आमच्या गल्लीत मराठी घरं सात आणि गाय एकच. तांबडी, म्हातारी, दूध आटल्यावर कुणीतरी सोडून दिलेली. दुपारी घराघरातून तिच्यापुढे पान येत होतं, आणि हा काठी घेऊन तिला चक्क हाकलत होता!

"काकीजी, बस करो. बहुत हो गया इसको," मला म्हणाला.

"अरे भिया, तुझ्या घरचं देतेय का मी?"

आमच्या यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. खीर, वडे, भात, सगळं यांच्या आवडीचं केलेलं. गाईनं तोंड लावल्याशिवाय मी जेवणार कशी? तो दुकानाकडे वळल्याबरोबर मी तिला शिंगाला धरून परत आणलं आणि भरलेली पत्रावळ पुढे केली. वर दोन वडे आणखी घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय गल्लीच्या तोंडाशी बसलेली. पोट टम्म, मान कुशीवर टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी पंक्चरवाला, आणि त्याच्या बादलीच्या काठाला पांढरी पूड.

झालं! "विष घातलंस मेल्या तिला!" मी अशी ओरडले की सगळी गल्ली बाहेर आली. काल हाकलत होता, आज बादली घेऊन बसलाय, आणखी काय पुरावा हवा? बायका माझ्याच बाजूच्या. तो वर न बघता तिचं पोट चोळत राहिला.

"गालियाँ बाद में दे देना, काकीजी. पहले डॉक्टर को फोन करो."

एवढा शांत कसा राहतो हा? मला आणखीच संशय आला. पण फोन केला.

जनावरांची डॉक्टर आली, तरुण पोरगी. "काय खाल्लंय हिनं? विषाचा इलाज वेगळा, अन्नाचा वेगळा. खरं सांगा, वेळ नाहीये."

मी बादलीकडे बोट दाखवलं. तिनं पूड चिमटीत घेऊन पाहिली. "हा तर खायचा सोडा."

तेव्हा तो बोलला. खातेगावकडे त्याच्या घरी गुरं होती. लग्नातलं उरलेलं अन्न खाऊन त्यांची एक गाय अशीच गेली होती. "कल सबने पत्तल भर-भर के खिलाया इसको."

"छे, आम्ही तर घासभरच दिलं," एक म्हणाली. दुसरीनंही घासभरच दिलं होतं. माझी पाळी आली आणि माझ्याही तोंडून निघालं, "घासभर."

"घासभरानं पोट असं फुगत नाही," म्हणत डॉक्टर विषावरची सुई भरू लागली. गाय कण्हली. यांच्या आजारपणात डॉक्टर विचारायचे, पथ्य पाळताय ना? मी हो म्हणायची. आणि हे हट्ट करायचे म्हणून लपवून वडा द्यायची.

"थांबा!" मी म्हटलं. "मी अख्खी पत्रावळ दिली. यानं हाकललेली गाय मी ओढून परत आणली."

मग एकेकीचं तोंड उघडलं. घासभर कुणीच दिलं नव्हतं.

डॉक्टरनं सुई ठेवून दिली, नळी घालून गाईचं पोट धुतलं, सलाईन लावलं. पंक्चरवाल्यानं दिवसभर दुकान उघडलं नाही, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. मीही समोरच्या पायरीवर बसून होते. उन्हं कलली तेव्हा तिनं रवंथ सुरू केला आणि मला रडू फुटलं. मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. पण माफी मागायची कशी, हे मला या वयातही येत नाही.

सकाळी गाय उभी होती. तो तिला वाळला चारा घालत होता. मी तव्यावरची पहिली पोळी घेऊन गेले खरी, पण पुढे व्हायचा धीर होईना. त्यानंच हात पुढे केला, पोळी घेतली, नखाएवढा तुकडा तोडून तिच्या तोंडात घातला आणि बाकीची माझ्या हातात परत ठेवली.

"ये आप खाओ, काकीजी. कल से भूखी हो."

मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.