प्राजक्त भिंतीपलीकडे गेला

विटा, पत्रे, जुनी दारं, चौकटी. झाशीत मी सगळं घासाघीस करून घेतलं आणि घासाघीस करूनच विकलं. समोरचा माणूस बोलायला लागला की तो कुठे येऊन थांबणार हे मला आधी कळतं. एका रोपाचं मात्र कळलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आई लक्ष्मी गेटजवळच्या मराठी घरांमध्ये स्वयंपाकाला जायची. त्यातल्या एका घरी अंगणात प्राजक्त होता. सकाळी कामाला शिरताना ती खाली पडलेली फुलं परडीत वेचून घ्यायची, आमच्या देवांसाठी. प्राजक्ताचं फूल तोडत नाहीत, पडलेलंच वाहतात. त्यामुळे आपण कुणाचं काही घेतोय असं तिला वाटतच नसे. एकदा त्या घरच्या बाईंनी तिला परडी तिथेच ओतायला लावली. मी फाटकाशी उभा होतो, सतरा वर्षांचा. आईने परडी ओतली, झटकली आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. माझं घर होईल तेव्हा दारात प्राजक्त असेल आणि आई फुलांसाठी दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

घर झालं, दतिया गेटच्या बाहेर. शेजारी एक निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. शेवटची नेमणूक जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीत होती, मग इथेच राहिले. त्यांच्या पेरूची एक फांदी आमच्या बाजूला झुकलेली होती. उद्या ते पेरू मागायला येतील म्हणून मी आधीच कागद करून टाकला: भिंतीच्या ज्या बाजूला पडेल, ते त्या बाजूच्याचं. अक्षर माझं, सह्या दोघांच्या. फळांचाही करार करता का, असं म्हणत सुभेदार हसले होते. पुढचे तीन हिवाळे आम्ही ते पेरू खाल्ले.

प्राजक्ताचं रोप टहरौलीकडच्या एका माळ्याकडून घेतलं. तो हातगाडीवर रोपं घेऊन यायचा. मला फुलं आमच्याच दारात पडतील एवढंच झुडूप हवं होतं. किती वाढेल, विचारलं. त्याने हात डोक्याच्या वर नेला. एवढं नको म्हटलं, तसा हात खांद्याशी आला. मी पाठ फिरवली, तसा आणखी खाली आला.

"बाबूजी, छाती से ऊपर गया तो उखाड़ के वापस ले जाऊँगा।"

भाव पाडावा तशी मी उंची पाडून घेतली आणि खुशीत रोप घरी आणलं. भिंतीपासून दोन हातांवर लावलं. न्हाणीघराचं पाणी तिकडेच जायचं.

दुसऱ्या वर्षी ते माझ्या डोक्याच्या वर गेलं, तिसऱ्या वर्षी भिंतीच्या. त्याच वर्षी मी घरावर दुसरा मजला चढवला होता. त्यानंतर झाड सरळ वाढेना. सगळ्या फांद्या पलीकडे, सुभेदारांच्या मोकळ्या अंगणाकडे पळाल्या. मी काथ्याने बांधून मागे ओढलं. एक फांदी मोडली, बाकीच्या पुन्हा तिकडेच गेल्या. आश्विनात बहर आला. आमच्या बाजूला रोज सात-आठ फुलं, पलीकडे सडा.

मी माळ्याला बाजारात गाठून चारचौघांत फैलावर घेतलं. तो शांतपणे रोपांवर पाणी शिंपडत राहिला. त्याने रोपाची हमी दिली होती, म्हणाला, माझ्या न्हाणीच्या पाण्याची आणि दुसऱ्या मजल्याची नव्हे. उन्हाला मीच आडवा आलो होतो, तर झाड ऊन शोधायला जाणारच.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी गच्चीवरून पाहिलं, तर आई परडी घेऊन सुभेदारांच्या फाटकाशी उभी. कडी वाजवावी की नाही, अशी.

मी अनवाणीच धावलो. आईला घरी जायला सांगितलं आणि सुभेदारांना बाहेर बोलावलं. झाड आमचं आहे, फुलं रोज भिंतीवरून इकडे आली पाहिजेत, हे मी इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरची दोन दारं उघडली. सुभेदार आत गेले, पेरूचा तो कागद घेऊन आले आणि घडी उलगडून माझ्यापुढे धरला.

"अक्षर तुमचंच आहे ना, भाऊ?"

मी तसाच घरी आलो, करवत काढली आणि झाडाच्या बुंध्याला लावली. चार-पाच हात ओढलेही. भुसा माझ्या पायांवर पडत होता. आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने मला अडवलं नाही.

"सुभेदारांनी मला परडी ओतायला लावलेली नाही," ती म्हणाली. "हे कापलंस, तर मला पुन्हा लक्ष्मी गेटला जावं लागेल."

करवत बुंध्यात अडकली होती. ती सोडवायला मला बराच वेळ लागला.

दुपारी मी सुभेदारांकडे नवा सौदा घेऊन गेलो: पेरू सगळे तुमचे, फुलं आमची, नवा कागद करू. त्यांनी मान हलवली. पेरू पडतात तिथे पडू देत, म्हणाले, फाटकाची कडी मी आईंसाठी पहाटेच काढून ठेवत जाईन. मी दोनदा जोर लावून पाहिला. बदल्यात त्यांना काहीच नको होतं. काही मागितलं असतं तर मी त्यांना बरोबर खाली आणलं असतं. तेवढीही संधी त्यांनी मला दिली नाही, आणि हे मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

त्या वर्षी आमच्या बाजूला पडलेल्या पेरूंना मी हात लावला नाही. कार्तिकात आई मात्र ते उचलायची, पुसायची, सकाळी परडीत घालून पलीकडे द्यायची आणि तीच परडी फुलांनी भरून आणायची. मला कुणी विचारलं नव्हतं.