मास्तरांची तेलुगू वही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या बिगरी यत्तेच्या मास्तरांचे. सोलापुरात आम्हा विणकरांच्या घरी तेलुगूच बोलत. मास्तर वर्गात सारख्या उच्चाराचे शब्द शिकवत. ‘सूत’ म्हणताना खिशातल्या रिळाचा दोरा हातभर ओढत. ‘सुत’ म्हणताना जवळच्या मुलाच्या डोक्यावर टपली मारत.

“सूत धागा, सुत मुलगा. ध्यानात ठेवा की रे!”

संध्याकाळी आमच्या मागाजवळ बसून ते वहीत तेलुगू शब्द उतरवून घेत. वडील हसत, “मास्तर, तुमचं तेलुगू ऐकून माग थांबतोय की!”

वर्षअखेरीस शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब परीक्षेला आले. नापास झालो असतो तर वडील मला मागावर बसवणार होते. साहेबांनी ‘सुत’चा अर्थ विचारला. मराठी शब्द सुचेना, म्हणून मी म्हणालो, “कोडुकु.”

“ही मराठी शाळा आहे ना?” साहेब तडकले.

साहेबांपुढे एरवी मान वर न करणाऱ्या मास्तरांनी वही उघडून पुढे धरली. “कोडुकु म्हणजे मुलगाच, साहेब. अर्थ त्याला कळलाय. मराठी मी शिकवीन.”

साहेबांनी मला पास केले. मास्तरांच्या नावापुढे मात्र ‘उद्धट’ असा शेरा लिहिला.

बी.ए. झाल्यावर मी त्यांना पत्र पाठवले:

“ती. स्व. मास्तरांस साष्टांग नमस्कार. अक्कलकोटकडे शाळेवर नेमणूक झाली. वर्गात बरीच मुले कानडी बोलणारी आहेत. मला कानडी येत नाही. एक कोरी वही घेतली आहे. पहिल्या दिवशी कुणाच्या घरी जावे, ते कळवावे.”