लाल बटणावरचं कुंकू

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्याच सुमारास मी आजी झाले. राजधानीचा थाट मी रोज बघत होते. नात मात्र अमेरिकेत, आणि तिचे सगळे फोटो मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुन्याचा डबा फोटोंसकट एका मित्राबरोबर आमच्या शंकर नगरच्या घरी पाठवून दिला. मॉनिटर आम्ही इथलाच घेतला.

आमचे हे रेल्वेच्या वीज खात्यातून रिटायर झालेले. विजेबद्दल यांना काही सांगायची घरात कोणाची छाती नव्हती. यांनी मुलाला फोनवर एकच विचारलं, "तिथली लाइन किती?"

"एकशेदहा व्होल्ट," तो म्हणाला.

पुढचं ऐकायला हे थांबतात कशाला! फोन ठेवला, स्कूटर काढली नि थेट भनपुरीच्या कारखान्यांकडे. आपल्या दोनशेतीसची एकशेदहा करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आले, हा जात्याएवढा.

"एवढं धूड काहून आणलं?"

"सरळ लावला तर जळून जाईन. पोट्टीचा एक फोटो दिसणार नाही तुले."

माझा जीव त्या डब्यातच अडकला होता.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. समोरून कुंकू लावायला यांनी बंदी केली, म्हणून मी रागारागाने मागच्या बाजूला ऐसपैस स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. यांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. डबा मुकाच. यांचा चेहरा उतरला आणि मला तर रडूच आलं.

मुलाला फोन लावला.

"आई, डब्याच्या मागं लाल बटण आहे. त्याच्यावर आकडा काय दिसून राहिला?"

"इथं सगळंच लाल आहे रे!" स्वस्तिक नेमकं त्याच्यावरच आलं होतं. पदराने पुसलं. दोनशेतीस.

"मग बरोबर आहे. पाठवतानाच मी ते तुमच्या लाइनीवर करून ठेवलं होतं. बाबांनी एकशेदहा दिल्यावर ते चालणार कसं? ट्रान्सफॉर्मर काढा, भिंतीत सरळ लावा."

मला हसू आवरेना. हे मात्र प्लग हातात धरून उभेच. सारी नोकरी तारांमध्ये काढलेला माणूस!

"जळला तर?"

मी प्लग हिसकावून घेतला, भिंतीत खोचला नि बटण दाबलं. डब्यातला पंखा घुरघुरला, मॉनिटर उजळला. मुलगा फोनवरून सांगत गेला तसं हे माउस सरकवत गेले, आणि एकदम समोर आमची नात! टोपडं घातलेली, तोंडभर जांभई देणारी. मी आनंदाने टाळ्याच पिटल्या.

हे वाकले आणि तिच्या गालावर हात ठेवला. काच चटचटली. यांच्या मनगटावरचे केस उभे राहिले.

"अवो, करंट लागून राहिला ना, हात काढा!"

"लागू दे," हे म्हणाले.