तोरणमाळचा डास घरात सुटला तेव्हा

डास पकडणं ही माझी नोकरी. लोक हसतात, हसोत बापडे. सातपुड्यातल्या गोठ्यांत पहाटे शिरायचं, नळी तोंडात धरून भिंतीवरचा डास अलगद ओढायचा आणि जाळी बांधलेल्या कागदी पेल्यात फुंकायचा. घाट उतरताना पेल्यांवर ओला टॉवेल टाकावा लागतो, नाहीतर उन्हाने डास वाटेतच मरतात.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तोरणमाळहून परतताना, ऑफिसला जाण्याआधी जेवून घ्यावं म्हणून कोरीटला घरी थांबलो. हातपाय धुऊन आलो तर टॉवेल दोरीवर. पिशवीतला पेला कलंडलेला, जाळीचं रबर निसटलेलं.

"वला टावेल पिशवीम्हा कुजी जाता, म्हनीसन वाळत टाका," आई म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

पेल्यात पाच माद्या होत्या, उरल्या चार. त्यात मी निवडून फक्त डोंगरी जात ठेवली होती. झऱ्याच्या वाहत्या पाण्यात वाढणारी, हिवताप पसरवणारी. आणि आत खाटेवर बायको झोपलेली, सातवा महिना. माझी पाचावर धारण बसली. प्रत्येक डासात ताप नसतो, हे मी गावोगाव सांगत फिरतो. स्वतःच्या घरात मात्र ते मला अजिबात पटेना.

बायकोला उठवून ओट्यावर बसवलं आणि बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा पालथा घातला.

"काय धुंडी ऱ्हायनात?" तिने बाहेरून विचारलं.

"पेन," मी म्हणालो.

माठामागे भिंतीवर एक मादी बसलेली दिसली. नळीने ओढली. पेल्यात फुंकून वर भिंग धरलं. डोंगरी जातीच्या पंखावरची तिसरी शीर फिकट असते, सपाटीवरच्या जातीची काळी. हिची काळी निघाली.

"कोठली शे?" आईने विचारलं.

"आपल्याच गावनी."

"आपलीच शे ना? मंग घाबरानं काय!" म्हणत ती भाकरी टाकायला गेली.

ताप आपलीही आणते. आणि तोरणमाळची अजून घरातच होती.

बायको परत आत येऊन त्याच खाटेवर आडवी झाली. "मिळनं का पेन?"

"हो," म्हणालो. तिचा डोळा लागल्यावर मी नळी तोंडात धरून तिच्या उशाशी बसलो. आईने जेवायला दोनदा हाक मारली. मी उठलो नाही.