तीन दिवसांचं अंगडं

सेनगाव तालुक्यातल्या मेंढीवाल्यांत मिराबाईंचा शब्द शेवटचा. मेंढीनं लाथाडलेलं कोकरू पुन्हा पाजायला लावायचं, तर त्यांनीच.

यंदाच्या माघात त्यांची लेक सत्यशीला, घरची शीला, पुण्याहून न कळवता आली. ती तिथं एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "माय, मी सोडून राहिले ते काम."

मिराबाई मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होत्या. मान वर झाली नाही.

"काहून? कोणी बोललं का?"

"न्हाई. जमतच न्हाई."

"काय जमत न्हाई? मला बी कळू दे, पाच वर्षं काय करून राहिली ते."

शीला तिथंच उकिडवी बसली. "एकाची किडनी दुसऱ्याला बसवली, की अंग तिला परकी समजतं. पहिला मार रक्तनळ्यांना. नळीला आतून पेशींचं अस्तर असतं, त्याच्यावर साखरेची पातळ साय. किडनी काढून थंडीत ठेवली की ती साय जाते, आन मग रक्त त्या पेशींवर तुटून पडतं. मी वरून नवी साय चढवते."

"मग चढत न्हाई?"

"चढते. चार दिवसांत धुऊन जाते. पक्की करावी तर खालच्या पेशी गुदमरून मरतात."

"बरं. याचे पाय धर."

आई मेलेलं एक पोरकं कोकरू शीलानं धरलं. मिराबाईंनी त्याला ते कातडं अंगड्यासारखं चढवलं, चार भोकांतून चार पाय काढले आणि ज्याचं ते कातडं होतं, त्या पिल्लाच्या आईपुढं सोडलं. मेंढीनं खूर आपटला. शेपटीकडं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग गप उभी राहिली आणि कोकरू कासेला भिडलं.

"घ्या!" कुंपणापलीकडून वडील, रामकिशन, हसले. "पुण्याच्या डॉक्टरीणबाई कोकराचे पाय धरून राहिल्या!"

शीलानं हे लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं. तरी तिनं विचारलं, "कातडं किती दिवस ठेवती?"

"तीन. लय तर चार. पुढं ठेवलं तर सडतं, लेकरू हातचं जातं."

"काढल्यावर मेंढी मारत न्हाई?"

"काहून मारंल? तवर तिचंच दूध त्याच्या पोटात जातं, वास तिचाच येतो. अंगडं काय जन्मभराचं असतं, बाई?"

शीलानं कोकराच्या अंगड्याखाली बोट घालून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तेवढ्या दिवसांत पेशी आपली साय आपणच परत आणतात, माय. आमाला ठाऊक होतं."

"मग पक्की काहून करून राहिली होती?"

"चार दिवसांत जाणारी चीज कोणाला दाखवायची लाज वाटायची." आणि लगेच, "पण मी उंदरावर करते. उंदीर म्हंजे मेंढरू न्हाई."

"मी कुठं म्हणते? करून तर बघ."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ती परत गेली.

भाद्रपदात मिराबाई सेनगावच्या बाजारात मेंढी विकायला उभ्या असताना शीलाचा फोन आला.

"माय, साय चौथ्या दिवशी गेली."

"आन किडनी?"

"शंभर दिवस झाले, चालू आहे! उंदीर खातो, पळतो, मला चावलासुद्धा!"

"माणसाला कधी?"

"लय वर्षं आहेत अजून."

"असू दे. आमी काय घाईत न्हाई."

समोर भीमसिंग नावाचं गिऱ्हाईक मेंढीचा कान धरून ताटकळत होतं. "मावशी, मेंढी देता ना?"

"देते. आधी ऐक, माझ्या लेकीनं काय केलं ते."

आणि मिराबाईंनी रक्तनळीच्या अस्तरापासून सुरुवात केली. एक शब्द चुकला नाही. भीमसिंगनं मेंढीचा कान सोडला आणि खाली बसून घेतलं.