हडपसरचा एक चौकोन

“पाहून आलात का?”

सर चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारायचे. उत्तर ‘नाही’ असलं की चष्मा परत नाकावर यायचा आणि आपण मुकाट्याने निघायचं.

आम्ही पुण्यात पावसाचं मॉडेल चालवायचो. संगणकातल्या पावसालाही खाली जमीन लागते. म्हणून नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकात लिहायचं: शेत, झाडी, पाणी, बांधकाम. ओलं शेत वाफ सोडतं, सिमेंट नुसतं तापतं, आणि दुपारच्या ढगांचं गणित तिथूनच बदलतं. आमचा नकाशा इतका जुना होता की त्यात हिंजवडीला अजून भात पिकत होता.

सरांनी तो दुरुस्त करायला घेतला. शंका आली की आम्हाला स्कूटरवर पाठवायचे. मी एकदा म्हटलं, “सर, उपग्रहाचं चित्र आहे की.”

“उपग्रह लांब राहतो. तुम्ही कोथरूडला राहता.”

असं बोलणं पुण्यात तुम्हीही ऐकलं असेल. त्यात राग नसतो, फक्त आपल्याला उन्हात जावं लागतं.

हडपसरचा एक चौकोन मात्र सरांनी स्वतः भरला होता: शेत. चित्रात तिथे इमारती दिसत होत्या. सरांना त्यांचाच प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती. मी गुपचूप जाऊन आले. सहा उंच इमारती होत्या, आणि फाटकावर चक्क सरांचं आडनाव.

“जुन्या मालकांचं नाव हाय,” रखवालदार म्हणाला. “त्यांचंच रान व्हतं समदं.”

मला फार वाईट वाटलं. पण तो चौकोन चुकीचा ठेवून मॉडेल सरांनीच कुणाला चालवू दिलं नसतं. मी त्यांना सांगितलं.

“पाहून आलात?”

“हो.”

“विहीर आहे का हो तिथे?”

“नाही दिसली. मधे पोहायचा तलाव आहे.”

“भावांनी विकायचं ठरवलं, मी सही केली. परत त्या रस्त्याला गेलो नाही. न बघता लिहिलं, चूक माझी. बदला.”

“तुम्ही बदलता का?”

“पाहून तुम्ही आलात.”

मी ‘बांधकाम’ लिहिलं. सर मागे उभे होते, चष्मा कपाळावर. तो नाकावर नसला की त्यांना पडद्यावरचं अक्षरही दिसत नसे.

पुढे ते निवृत्त झाले. आता ते नाहीत. जाण्याआधी काही महिने त्यांचा फोन आला होता. हडपसरचा दुपारचा पाऊस आता खऱ्याच्या जवळ येतो, असं मी सांगितलं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “काल पाहून आलो. तो तलाव आहे ना, तिथेच होती विहीर.”