बेबीच्या लग्नाची कॅसेट

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. चार माणसं एका खोलीत रोज बसली की कोपऱ्यात कचरा साचावा तसे ते साचतात, आणि झाडू मारायचं कुणाच्या मनात येत नाही. आमची खोली परभणीत, दिलीपच्या मोटार वायंडिंगच्या दुकानामागं. नव्वदीची सुरुवात. दिलीपनं पुण्याहून एक जुना कंप्युटर आणि गाण्याचा कीबोर्ड आणला होता. गल्लीतले लोक येऊन विचारायचे, "ह्यात पिक्चर दिसतो का?" दिसत नव्हता. कोणता सूर कधी दाबायचा एवढंच तो ध्यानात ठेवायचा आणि वायरीतून कीबोर्डला तसं वाजवायला लावायचा. माणसाचा आवाज घ्यायचा शेजारी ठेवलेल्या टेपवर, आणि मग दोन्ही मिळून एक कॅसेट करायची.

दिलीप यंत्रं बघायचा. झरीचा नामदेव शेतातलं काम उरकून ढोलकी घेऊन यायचा. मी शाळेत क्लार्क आणि इथं पेटीवाला. आमच्या ह्या खेळाला काम मिळालं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे झरीचे रिटायर मास्तर, आमचे सगळ्यांचे गुरुजी. अर्ध्या गावाच्या लग्नात मंगलाष्टकं त्यांनीच म्हटलेली. त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन हैदराबादला ठरलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. आणि अण्णांच्या एकुलत्या एका लेकीचं, बेबीचं लग्न ऑपरेशननंतर होतं.

"गावाच्या लेकींना म्हटलं, माझ्या लेकीला कोण म्हणणार?" अण्णा म्हणाले. "तुमच्या डब्यात भरून ठेवा मला."

*

पहिल्या दिवशी नामदेवच्या कानाला हेडफोन लावला. कंप्युटर ठेका चुकू नये म्हणून त्यात टक टक करत राहायचा. नामदेवनं चार थापा मारल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

"हा कोण टकटक करायलाय?"

"कंप्युटर आहे. त्याच्या मागं मागं जायचं," दिलीप म्हणाला.

"अण्णा श्वास घ्यायला थांबले की मी थांबतो. ह्यो थांबतो का?"

"नाही."

"मग ह्याला आधी लग्नाला न्या चार, अन् मग माझ्याकडं आणा!"

शेवटी टकटक बंद झाली. दिलीपनं कंप्युटरमधला ठेका पुसला आणि नामदेवच्या ढोलकीच्या मापानं पुन्हा भरला. त्याला दोन आठवडे लागले, पण बेटा एकदाही चिडला नाही.

*

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आम्ही भिंतींना गाद्या टांगल्या होत्या. गाद्या एका मंडपवाल्याच्या. लग्नसराई लागली की तो न विचारता यायचा आणि गाद्या काढून न्यायचा. एकदा पेटीचं रेकॉर्डिंग चालू असताना माझ्या पाठीमागची गादी गेली. ती कॅसेट आजही लावली तर मी अर्ध्या गाण्यापर्यंत खोलीत वाजवतो आणि तिथून पुढं विहिरीत.

*

शेजारी पिठाची चक्की होती. चक्की सुरू झाली की लाईट डीम व्हायची आणि टेपची मोटर मंदावायची. अण्णांनी एक कडवं म्हटलं, मधे चक्की थांबल्यावर मागं जाऊन लावलं तर आवाज असा बारीक आणि घाईचा, जणू अण्णांना एसटी पकडायची आहे. मी चक्कीवाल्याकडं गेलो. म्हटलं, "मास्तरांचं रेकॉर्डिंग चालू आहे हो."

त्यानं पट्टा उतरवला. दळणाला आलेल्या बायका म्हणाल्या, "आमी काय करावं?"

"ऐका," तो म्हणाला.

डबे मांडीवर घेऊन त्या आमच्या खिडकीखाली बसल्या. त्या दिवशी अण्णा जसं गायले, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

*

अण्णांचा आवाज रोज थोडा थोडा खाली यायला लागला. काल जिथं चढले तिथं आज खोकला. आम्हाला बोलायची हिंमत नव्हती. दिलीप मात्र गुपचूप कंप्युटरची एक कळ दाबून कीबोर्डमधली सगळी सनई आणि तंबोरा एका पट्टीनं उतरवायचा. कंप्युटरचं तेवढं बरं होतं, पुन्हा काही वाजवावं लागत नव्हतं. अण्णांना कळू नये म्हणून आम्ही खिडकीबाहेर बघत बसायचो.

एक दिवस चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "दिलीप, तुझा कंप्युटर लय शहाणा हाय रे. माझ्यासंगं म्हातारा व्हायलाय."

दिलीप उठून दुकानात गेला. अण्णा मजेत बशीतला चहा फुंकत होते.

*

ऑपरेशन झालं. अण्णा वाचले, आवाज गेला.

कॅसेटचं काम राहिलं होतं. दोन कडव्यांच्या मधे, टेप चालू असताना, अण्णांना खोकला आला होता आणि ते बोलले होते. बेबी त्या दिवशी सोबत आली होती. मी म्हटलं, तेवढं पुसून टाक. दिलीप म्हणाला, "कंप्युटरमधलं असतं तर पुसलं असतं. हे टेपवर हाय. अन् लगेच पुढचा शब्द लागून हाय. तो गेला तर कुठून आणू?" मग त्यानं त्या जागेवर कंप्युटरची दणदणीत सनई बसवली. कॅसेट लावली की एका बाजूच्या स्पीकरला अण्णांचा आवाज, दुसऱ्या बाजूच्या स्पीकरला सनई-ढोलकीचं सगळं वाजाप. घरी लावलं तर सनईपुढं खोकला-बोलणं काही ऐकू येत नव्हतं.

लग्नात भोंगेवाल्याकडं मशीन होतं एकाच वायरीचं. त्यानं ती नेमकी अण्णांच्या आवाजाच्या बाजूला जोडली. दुसऱ्या बाजूचं काहीच वाजलं नाही. नुसते अण्णा, मोकळे, अख्ख्या मांडवावर. दिलीप माझ्याकडं बघायला लागला. भोंग्याजवळ पोचायला वाटच नव्हती, इतकी माणसं.

अंतरपाट धरलेला. बेबी हार घेऊन पाटावर. अण्णा बाजूला उभे, गळ्याला मफलर. दुसरं कडवं संपलं, सावधान झालं, अक्षता पडल्या. भोंग्यातून खोकला आला आणि मागून अण्णांचा आवाज, "बेबे, पाणी आण गं जरा."

"आणते, अण्णा," बेबी म्हणाली. हार मामाच्या हातात दिला आणि पाटावरून उतरली.

भटजी म्हणाले, "अगं, अगं!" नवरदेव अंतरपाटावरून डोकावला. भोंग्यात तिसरं कडवं सुरू झालं होतं. शालू सावरत ती माठाकडं गेली, तांब्या भरून घेऊन आली. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले.